कुपीतलं विरजण

जीपच्या तबकडीवरचा पिवळा दिवा पहिल्यांदा पेटला तो भैरोबाच्या देवळाजवळच्या वळणावर, आणि शालनला वाटलं, आज घाईत देवाला हात जोडायचे राहिले म्हणून पेटला. तिनं स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला. दिवा काही विझला नाही.

"काय झालं गं?" मागच्या सीटवर आडव्या झालेल्या रामलिंगनं विचारलं.

"काही नाही हो. युरियाचा दिवा लागलाय."

"युरियाचा? आणि तुझ्या गाडीला?" एवढा थकलेला असूनही तो हसला. "अख्ख्या पठाराला पुरवतीस तू. कमी पडला असंल तर माझ्यातला घे म्हणावं. डॉक्टर म्हणतोय भरपूर हाय."

हा त्याचा ठरलेला विनोद होता. रामलिंगनं सगळं आयुष्य दुधाचा टेम्पो चालवला. घाट उतरायचा, घाट चढायचा. मग त्याच्या दोन्ही मूत्रपिंडांनी हात टेकले. लघवीवाटे बाहेर पडायचा तो युरिया रक्तातच साठायला लागला. आठवड्यातून दोनदा खाली तालुक्याच्या दवाखान्यात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि परत वर पठारावर, घुमटेमाळावरच्या घरी यायचं. शेजारच्या सीटवर बसून त्यानंच शालनला गाडी शिकवली, तिच्या पन्नाशीत. पहिल्याच दिवशी तिनं गाडी गोठ्यात घातली होती. तो म्हणाला होता, "बरं झालं, गाईची ओळख झाली."

आता माणसाला जो युरिया नको असतो, तो डिझेलच्या गाडीला का हवा असतो, हे शालनला इलाही मेस्त्रीनं एकदा समजावून सांगितलं होतं. डिझेल पेटतं तेव्हा इंजिनात इतकी उष्णता होते, की हवेतला साधाभोळा नायट्रोजनही ऑक्सिजनशी जुळतो आणि विषारी वायू होतो. छातीत जळजळ करणारा. त्या गरम धुरात युरियाच्या पाण्याचे बारीक तुषार सोडले, की युरियाचा अमोनिया होतो आणि पुढच्या जाळीत तो अमोनिया त्या विषाला धरून परत नायट्रोजन आणि पाण्याची वाफ करून टाकतो. गाडीला धुराची नळी असते तशी नाकंही असतात, धुराचा वास घेणारी. धूर घाण आला, की गाडी आधी पिवळा दिवा लावते, मग लाल, आणि मग कायद्याप्रमाणे एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

पूर्वी हे पाणी डब्यातून विकत मिळायचं. शहरातल्या गाड्या विजेवर गेल्या तसे ते डबे दुकानांतून नाहीसे झाले, आणि डिझेलवर राहिलेल्या डोंगरी भागासाठी कुपी आली.

कुपी म्हणजे छोट्या कलशाएवढं काचेचं भांडं. त्यात जिवंत जिवाणू. भुईमुगाचं रोप उपटलं की मुळांना गाठी दिसतात ना, त्या गाठींत बसून हवेतला नायट्रोजन खाणारे जिवाणू असतात. त्यांच्यातच शास्त्रज्ञांनी असा फेरफार केला, की हवा आत घ्यायची, साखरेचं पाणी प्यायचं आणि युरिया बाहेर टाकायचा. कुपीच्या बुडाशी पातळ पडदा, त्यातून युरियाचं स्वच्छ पाणी टाकीत झिरपायचं. आठवड्याला चमचाभर साखर घातली की झालं.

पण जिवंत वस्तू ती. उन्हाळ्यात कुणाची मरायची. नवी आणायला खाली जायचं, अर्ज करायचा, वाट बघायची. शेजारच्या हौसाक्काची पहिल्यांदा मेली तेव्हा ती वाटी घेऊन शालनच्या दारात उभी राहिली.

"शालन, तुझ्यातलं चमचाभर देतीस? विरजणासारखं लावून बघते. लागलं तर लागलं."

लागलं. तिसऱ्या दिवशी हौसाक्काची गाडी सुरू झाली.

शालनचा एक नेम होता. सासूकडून आलेला. घरातलं काहीतरी कुणाच्यातरी हातावर ठेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही. पसाभर तांदूळ, चार मिरच्या, कढीपत्त्याची डहाळी, काहीही. आणि विरजण मागायला आलेल्याला तर ती कधीच नाही म्हणाली नव्हती. दह्याचं असो, नाहीतर कुपीचं. तिची कुपीही देवाच्या दयेनं काही वेगळीच होती. कडक उन्हात मरत नव्हती, थंडीत झोपत नव्हती. "शालनवैनीचं विरजण" असं नावच पडलं. पठारावरच्या वाड्यावाड्यांतून माणसं यायची. पलीकडच्या खोऱ्यातून यायची. दवाखान्यातल्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरनंही एकदा नेलं. कुणी आलं, वाटी नेली, की शालन आत जाऊन शांतपणे जेवायला बसायची. त्या दिवसाचा नेम पार पडलेला असायचा.

पिवळा दिवा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी इलाही मेस्त्री सकाळीच आला.

"बघू, काय म्हणतीया," म्हणत तो गाडीखाली सरकला. आधी त्यानं तारा बघितल्या. उंदरानं कुरतडल्या नव्हत्या. पंपाला कान लावला; पंप घुमत होता. तुषार सोडणारी चोच काढली, तिच्या तोंडावर मिठासारखे पांढरे खडे धरले होते. ते त्यानं गरम पाण्यात विरघळवले, चोच बसवली, गाडी सुरू केली. दिवा विझला. शालननं भैरोबाला नारळ कबूल केला.

संध्याकाळी दिवा परत लागला.

मग इलाहीनं धुराचं नाक काढून दुसऱ्या गाडीला लावून बघितलं. नाक चांगलं होतं. शेवटी त्यानं टाकीचं झाकण उघडलं आणि एकदम मान मागे घेतली. "या अल्ला! वैनी, वास घ्या हिकडं."

गोठ्यात जुनं झालेलं मूत साचलं की येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा वास.

"हा अमोनिया," इलाही म्हणाला. "धुरात गेल्यावर व्हायला पायजे त्यो टाकीतच झालाय. कसा, ते काय मला उमगंना. आन् वैनी, आज सकाळपास्नं ही सातवी गाडी. हौसाक्काची तर सुरूच होईना."

पुढच्या खेपेला शालननं टाकीतलं पाणी बाटलीत भरून घेतलं. रामलिंगला मशीनला लावलं आणि ती बाजूच्याच रस्त्यावर असलेल्या कुपीवाल्यांच्या केंद्रात गेली. तिथे रेवती इनामदार नावाची तिच्या मुलीच्या वयाची तपासनीस होती. तिनं पाण्यात कागदाची पट्टी बुडवली, रंग बघितला, एक थेंब भिंगाखाली ठेवला. 

"मावशी, हे बघा. तुमचे जिवाणू युरिया तयार करतात. यात दुसरा एक घुसलाय, तो युरिया खातो. मातीत असतोच तो, गोठ्यात असतो. पण तो एकटा आला असता तर तुमच्या जिवाणूंनी त्याला टिकू दिलं नसतं. हा कुपी-कुपीतून फिरून फिरून तयार झालेला आहे. पहिलवानासारखा."

"मग हे पाणी ओतून टाकते. उकळून घेते सगळं."

"पडदा फाटेल. आणि नळ्यांत, पंपात तो शेवाळासारखा धरून बसलाय. बाहेरून कुठून चांगलं पाणी आणून ओतलंत तरी सकाळपर्यंत त्याचा अमोनिया करून ठेवेल." रेवतीनं तिच्याकडे पाहिलं. "तुमच्या भागात एकमेकांची कुपी लावतात, हे आम्हाला माहीत आहे. पण एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला दिलं तर रोग एका दिशेनं जातो. हा तसा गेलेला नाही. सगळीकडचा एकत्र झालाय. तुम्ही नुसतं देत होता, की घेतही होता?"

"मी कशाला घेईन बाई? माझं चांगलं होतं की."

"कुणीच काही परत आणून दिलं नाही?"

शालन बोलणार होती, नाही म्हणून. आणि तिच्या डोळ्यांसमोर तिच्या ओट्यावरच्या वाट्या आल्या.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही. कुणाला सांगावं लागत नाही हे. आईच्या पोटातून शिकून येतात बायका. साखर नेली तर वाटीत गूळ, लोणचं नेलं तर चार बोरं. आणि विरजण नेलं तर आपलं लागल्यावर त्यातलंच चमचाभर. "घे गं, तुझंच तुला." वाटीत आलेलं टाकायचं नसतं. शालननं ते प्रत्येक वेळी, हळदीकुंकवाच्या बोटानं कुपीला शिवून, परत आपल्या कुपीत घातलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच पुढच्या वाटीत.

"देत होत्या," ती म्हणाली. "सगळ्याच देत होत्या."

रेवती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त खुर्ची पुढे ओढून दिली आणि म्हणाली, "बसा मावशी."

"नवी कुपी मिळंल का? माझ्या मालकांना हितं आणायला लागतं. तेवढ्यापुरती."

"नवी कुपी त्याच नळ्यांवर बसवायची, म्हणजे तिलाही तेच होणार. सगळ्या नळ्या, टाकी बदलायला हव्यात. वर कळवलं मी. उत्तर आलंय की जिथे विरजण लावतात त्या भागात सध्या पुरवठा थांबवलाय." तिनं बाटलीला बूच लावलं. "सध्या म्हणजे किती ते त्यांनी लिहिलेलं नाही. मावशी, एक सांगू? तुम्ही दोघं इथेच खाली राहा. खोली बघा दवाखान्याजवळ."

शालननं दवाखान्यात परत येऊन हे रामलिंगला सांगितलं. त्यानं उशीवरची मान वळवली.

"आन् हितं काय करू? भाड्याच्या खोलीत पंख्याकडं बघत मरू? शालन, मला मरायचं न्हाई असं न्हाई. पर मरीन तवा दारातला फणस दिसला पायजे. हिकडं आणायचं, परत न्यायचं. तेवढं कर."

"करते."

"तसं न्हाई. परत आणीन म्हण."

"परत आणीन," शालन म्हणाली.

घाट चढताना मधल्या खिंडीत दिवा लाल झाला. तबकडीवर अक्षरं आली: इंजिन बंद केल्यास पुन्हा सुरू होणार नाही.

त्या संध्याकाळी जीप दारात आली आणि तशीच घुमत उभी राहिली. तिच्या कुपीत जुने, मुरलेले जिवाणू होते म्हणून ती सगळ्यांपेक्षा जास्त टिकली होती. बाकी पठारावरच्या गाड्या एकेक करून दाराशी थंड पडल्या होत्या. एसटी वर यायची थांबली. शहरातल्या विजेच्या टॅक्सीवाल्यांना वर गाडी भरायची सोय नाही, ते घाटाचं नाव काढलं की फोन ठेवत. रुग्णवाहिका मोजक्याच उरल्या होत्या. त्या अपघाताला आणि बाळंतिणीला यायच्या, आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला नाही.

हौसाक्का अंगणात येऊन उभी राहिली. इंजिनाचा आवाज ऐकत राहिली. मग घरात जाऊन लाल नाडा घेऊन आली आणि किल्लीला गाठ मारून बांधला, सवयीनं कुणाचा हात जाऊन किल्ली फिरू नये म्हणून.

"सप्त्यात वीणा खाली ठिवतो का आपण?" ती म्हणाली. "न्हाई ना? मग. पहारे लावू."

आणि खरोखर पहारे लागले. वीणेला लागतात तसे. कुणी दळण आटोपून यायची, कुणी धारा काढून. गाडीजवळ घोंगडी टाकून बसायचं, आवाज ऐकायचा, डिझेल बघायचं. डिझेल आणलं ते त्यांनी आपापल्या मेलेल्या गाड्यांतून, नळीनं ओढून. ज्यांच्या गाड्या शालनच्या विरजणानं मेल्या तीच माणसं कॅन घेऊन येत होती. रामलिंग खिडकीतून म्हणायचा, "बघा रं, पेंगला तर इंजिन खाकरून उठवंल." आणि पोरं हसायची.

शालनला कुणी एका शब्दानं बोललं नाही. फक्त एवढंच झालं, की तिच्या हातचं कुणी काही घेईना.

पहाऱ्यावरच्या माणसाला ती चहा घेऊन गेली, की "नको वैनी, आत्ताच झाला." शेवग्याच्या शेंगा पुढे केल्या, की "ऱ्हाऊ द्या, घरात हायत्या." सगळे मऊ आवाजात, सगळे हसून. कुणाला तिचा अपमान करायचा नव्हता. हातच मागे जात होते, जसे विस्तवाला बघून जातात. शालन ताट वाढून बसायची आणि तशीच उठायची. शेवटी ती भाकरी घेऊन गोठ्यात गेली. गाईनं काही विचारलं नाही, खाल्ली. तेव्हा कुठे तिनं स्वतः घास घेतला. उरलेले दिवस नेम गाईवरच निभावला.

मग इलाहीनं दुसरं संकट सांगितलं. तो कसं सांगावं म्हणून आधी बराच वेळ चाकाशी चाळा करत बसला होता.

"वैनी, गाडी उभ्यानं अशी घुमत ठेवली, तर धूर तापत न्हाई. आन् धूर तापला न्हाई, तर काजळी जळत न्हाई. पुढं एक चाळण असती, त्यात ती काजळी भरत जाती. नाकातोंडात बोळा कोंबल्यागत. बंद न करता पण ती गुदमरून बंद पडंल."

"मग?"

"पळवायला पायजे. रोज जरा वेळ. लांब नगं, पर थांबवायची न्हाई."

पळवायची कुठे? पठारावर सलग फिरता येईल असा एकच रस्ता होता, भैरोबाच्या देवळाभोवतीचा. मग रोज सकाळी आंघोळ करून, ओल्या केसांनी शालन जीपमध्ये बसायची आणि देवळाला फेऱ्या घालायची. एका मागून एक, धुराची नळी तापेपर्यंत. आयुष्यभर ती अनवाणी प्रदक्षिणा घालत आली होती. आता देव उजव्या हाताला ठेवून घालता येत नव्हती, वळण तसं नव्हतं. म्हणून ती उलटी फिरायची आणि प्रत्येक फेरीला मनात क्षमा मागायची. युरिया नसलेला धूर पिवळट, उग्र यायचा. देवळाच्या गुरवाला खोकल्याची ढास लागायची. तो दार ओढून घ्यायचा, पण काही म्हणायचा नाही. काही दिवसांनी देवळामागच्या बेलाची पानं कडेनं करपली.

पण कायदा नुसता किल्लीवर थांबलेला नव्हता. दिवा लाल झाल्यापासून गाडी दर खेपेला आपली ताकद कमी करत होती. कुणी येऊन दुरुस्त करावी म्हणून केलेली सोय ती. दुरुस्त करणाराच नसेल तर काय, याचा विचार त्या सोयीत नव्हता. पहिल्या खेपेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मग पहिल्यात. दवाखान्याच्या आवारात इलाही गाडीत बसून राहायचा, इंजिन चालू ठेवून, आणि येताना वळणावर उतरून चाकाखाली दगड लावत चालायचा.

त्यापुढच्या खेपेला मधल्या खिंडीत ती थांबलीच. घुमत होती, पण पुढे सरकेना. इलाहीनं वर फोन केला. पठारावरून माणसं धावत आली. हौसाक्काही पदर खोचून आली. सगळ्यांनी मिळून खांदे लावले आणि जीप रामलिंगसकट ढकलत वर आणली. तिन्हीसांजा झाल्या. रामलिंग आतून ओरडत होता, "अरं, वरात निघाली माझी! हळद कुठाय?" आणि माणसं धापा टाकत हसत होती. शालन स्टिअरिंग धरून बसली होती. तिला मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

वर आल्यावर, सगळे पांगल्यावर, इलाही तिच्याजवळ आला. "वैनी, पुढच्या बारीला उतरंल. चढणार न्हाई. ढकलूनबी न्हाई. मालकांना सांगू?"

"नको," शालन म्हणाली. "मी बघते."

रात्री जेवताना रामलिंगनं तिच्याकडे बघून विचारलं, "काय गं, गप्प हाईस?"

"दमले."

"सोमवारी परत आणतीस न्हवं?"

"आणते की."

त्याच्या पायांवर सूज चढायला लागली होती. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. तोंडाला वास येत होता, टाकीला आला होता तसाच. तिनं तो वास ओळखला आणि ताटावरून उठून पाणी प्यायच्या निमित्तानं चुलीशी गेली. रक्त धुवायचा एक जरी वार चुकला तर काय होतं, ते डॉक्टरांनी तिला कधीच सांगून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी तिनं देवपूजा उरकली. देव्हाऱ्यातला पितळेचा छोटा भैरोबा पदरात बांधला. रामलिंगचे दोन जोड कपडे, गोळ्या, पंचा, सगळं जुन्या पोत्यात घालून पुढच्या सीटखाली सरकवलं. त्याला धरून आणलं तेव्हा फणसाजवळ तो जरा थांबला, एका फळावर टिचकी मारली. "आनखी आठ दिसानं बघू हे," म्हणाला.

हौसाक्का पहाऱ्यावर होती. तिची नजर सीटखालच्या पोत्यावर गेली. मग शालनच्या तोंडावर. शालननं गाईचं दावं तिच्यापुढे केलं.

इतके दिवस मागे जाणारा हात या वेळी मागे गेला नाही. हौसाक्कानं दावं घेतलं, मनगटाला दोन वेढे दिले आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

"काय गं हौसा, गाय कुठं निघाली?" रामलिंगनं खिडकीतून विचारलं.

"चरायला," हौसाक्का म्हणाली. "माझ्या बांधावर गवत वाढलंय."

त्या दिवशीचा नेम असा सकाळीच पार पडला. शालन तरी काही जेवली नाही.

घाट उतरताना जीप गुणानं उतरली. बाजूला, झाडाखाली, गटारात, जिथे ज्याची थांबली तिथे गाड्या उभ्या होत्या. काचांवर धूळ. एकीच्या टपावर कोंबड्या बसल्या होत्या. इलाही मागे रामलिंगचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, आणि रामलिंग त्याला सांगत होता की ह्या वळणावर त्याचा टेम्पो पहिल्यांदा घसरला तेव्हा चाळीस कॅन दूध ओढ्यात गेलं, आणि खालच्या वाडीत दोन दिवस पाणी भरणाऱ्या बायका भांडत होत्या की गाय कुणाची.

दवाखान्यात त्याला नेहमीची खिडकीजवळची खाट मिळाली. गाडी खिडकीखालीच लावायची, त्याला आवाज ऐकू यायला पाहिजे, असा त्याचा हट्ट असायचा. सिस्टरनं हातात सुया घातल्या, मशीन सुरू झालं. शालन नेहमीसारखी त्या बारीक नळीकडे बघत बसली. त्यातून त्याच्या रक्तातला युरिया पाण्याबरोबर मोरीत चालला होता. एकदा तिनं सिस्टरला भीतभीत विचारलंही होतं, हे साठवून गाडीत नाही का चालणार. सिस्टर हसली नव्हती. "फार पातळ असतं हो ते," म्हणाली होती.

थोड्या वेळानं पलीकडच्या खाटेवरची म्हातारी खोकायला लागली. मग तिच्या शेजारचा. खिडकीतून उग्र वास आत येत होता.

सिस्टर शालनजवळ वाकली. "काकू, ती गाडी तुमची ना? पेशंटना फार त्रास होतोय. बाहेर रस्त्यावर लावायला तरी सांगा."

रस्त्यावर लावली तरी ती कुठे जाणार होती? शालन उठली. रामलिंगचे डोळे मिटलेले होते. ती जिना उतरून खाली गेली.

इलाहीनं तिला येताना बघितलं आणि आधीच समजल्यासारखा स्टिअरिंगवरून बाजूला सरकला.

"मी करू का, वैनी?"

"नको. मीच."

लाल नाड्याची गाठ घट्ट बसली होती, रोजच्या हादऱ्यांनी आवळलेली. नखांनी सुटेना. तिनं दातांनी सोडवली. मग किल्लीवर हात ठेवून थोडा वेळ तशीच बसली. सीटमधून, पाठीच्या कण्यातून ती घरघर जाणवत होती, इतके दिवस उशाशी असलेली. तिनं किल्ली फिरवली. जीप एकदा थरथरली आणि थांबली. आवारात पलीकडे कुणीतरी बादली आपटली, तेवढाच आवाज.

तबकडीवरचा लाल दिवाही गेला.

"मी निघतो चालत," इलाही म्हणाला. "ऊन व्हायच्या आत खिंड गाठतो." तिनं मान हलवली. तो काही पावलं गेला, परत आला, सीटखालचं पोतं काढून तिच्या हातात दिलं आणि गेला.

तिनं पोतं जिन्याखाली, कुणाला दिसणार नाही असं ठेवलं. वर आली तेव्हा रामलिंग जागा होता. मान उचलून खिडकीकडे बघत होता.

"शालन, गाडीचा आवाज येईना."

"सिस्टर ओरडल्या. धुरानं सगळ्यांना ठसका लागतोय. मागं चिंचेखाली लावलीय."

"चालू हाय न्हवं?"

"चालू आहे. इलाहीभाई बसलेत."

त्यानं डोकं उशीला टेकलं. मशीनमधली चाकं फिरत होती, त्याचं रक्त नळीतून बाहेर येत होतं आणि परत आत जात होतं.

"त्याला सांग," तो डोळे मिटून म्हणाला, "घरी गेल्यावर आधी तेल बदल म्हणावं. इतकं दिवस एकसारखी चालतीया बिचारी. काळं ठिक्कर झालं असंल आत."

"सांगते," शालन म्हणाली.